रात्रीचं टपाल, नागपूरचे दिवे आणि आपली बेलोऱ्याची धावपट्टी

पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा.

१६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याला मुंबईहून पहिलं प्रवासी विमान उतरलं, तेव्हा मी तिथंच होतो. ऊन मी म्हणत होतं. विमान टेकलं, टाळ्या पडल्या, शेकडो मोबाईल वर गेले. माझ्या शेजारी उभा असलेला एक जण म्हणाला, "भाऊ, झालं आता. अमरावती मुंबईले जोडल्या गेली." मलाही बरं वाटलं. का वाटू नये? बेलोऱ्याची धावपट्टी १९९२ ची. म्हणजे पहिलं प्रवासी विमान यायला तिने तेहतीस वर्षं वाट पाहिली. माझी अख्खी पत्रकारिता "विमानतळ लवकरच सुरू होणार" ही बातमी लिहिण्यात गेली आहे.

बातमी पाठवून रात्री घरी आलो आणि मला माझे मामा आठवले. ते रेल्वे टपाल सेवेत, म्हणजे आर.एम.एस.मध्ये बडनेऱ्याला सॉर्टर होते. आयुष्यात विमानात बसले नाहीत, पण विमानाच्या वेळापत्रकावर त्यांची झोप ठरायची. लहानपणी ते सांगायचे, "दिल्लीची, कलकत्त्याची थैली वेगळी बांधाची. नागपूरची गाडी गाठली पाहिजे. तिथून रात्री इमान हाय." आम्हा पोरांना वाटायचं मामा फेकतात. रात्री कुठं विमान असतं, तेही टपालाचं!

मामा फेकत नव्हते. ती गोष्ट खरी होती, आणि ती देशाच्या विमान वाहतुकीच्या इतिहासातली एक मोठी गोष्ट आहे. आपल्या डोक्यावरून गेलेली, शब्दशः.

चार विमानं, एक मध्यरात्र

३० जानेवारी १९४९ ला, गांधीजींच्या पहिल्या पुण्यतिथीच्या दिवशी, देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. कल्पना साधी होती. रोज रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून एकेक विमान निघायचं. मध्यरात्रीनंतर चारही विमानं नागपूरच्या सोनेगावला उतरायची. तिथं टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची. मुंबईच्या विमानातली दिल्लीची थैली दिल्लीच्या विमानात, मद्रासची मद्रासच्या. मग चारही विमानं पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात.

यातलं गणित बघा. चार शहरं एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. मधे नागपूर धरलं की चारच पुरतात. आज विमान कंपन्या ज्याला 'हब' म्हणतात तो हाच प्रकार. अमेरिकेत फेडेक्स या कंपनीने मेम्फिस शहर मध्यबिंदू धरून रात्री पार्सलं गोळा करायची आणि वाटायची पद्धत सुरू केली ती एप्रिल १९७३ मध्ये. तिच्यावर व्यवस्थापनाच्या वर्गांत धडे शिकवतात. आपल्या नागपुरात टपालाच्या थैल्या तशाच फिरायला लागल्या होत्या त्याच्या चोवीस वर्षं आधी.

नकाशावर मुंबई ते नागपूर सरळ रेघ ओढा. ती पातूरच्या अंगाने जाते, नांदगाव खंडेश्वरच्या जवळून पुढे सरकते. म्हणजे त्या रेघेच्या थोडंसं वर अकोला आणि अमरावती. आपण त्या जाळ्याच्या बरोबर खाली होतो. जाळ्यात नव्हतो, खाली होतो. आपलं टपाल रेल्वेने नागपूरला जायचं, आणि तिथून पुढे हवेतून.

मंत्री म्हणाले उडवा, टाटा म्हणाले थांबा

या सेवेमागे होते तेव्हाचे दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई. धडाडीचा माणूस. त्याच वर्षी १ एप्रिलपासून त्यांच्या खात्याने 'ऑल-अप' योजना आणली. देशांतर्गत पत्र विमानाने लवकर पोचत असेल तर ते विमानाने जाणार, वेगळा हवाई आकार नाही. गरिबाच्या पत्रालाही पंख. निर्णय लोकांच्या फायद्याचा होता, यात शंका नाही.

विरोध केला तो जे. आर. डी. टाटांनी. आता हा विरोध कोणाचा, ते लक्षात घ्या. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून मुंबईच्या जुहूला छोटं पुस मॉथ विमान स्वतः चालवत आणणारा हा माणूस. त्या विमानात होतं काय? टपालच. भारतातली विमानसेवा टपालाच्या थैलीवरच उभी राहिली आणि ती उभी करणाऱ्यानेच रात्रीच्या टपालाला हरकत घेतली.

त्यांचं म्हणणं असं: रात्रीच्या उड्डाणासाठी धावपट्ट्यांवर लागणारी साधनं पुरेशी नाहीत. दिशा दाखवणारी यंत्रणा कमी आहे. अशात रोज रात्री विमानं उडवणं धोक्याचं आहे. दुसरी तक्रार पैशाची. सरकारने गरजेपेक्षा जास्त कंपन्यांना परवाने वाटले, त्यामुळे कोणाचंच पोट भरत नाही. आणि उपाशी कंपनी पहिली काटछाट कुठं करते, ते सांगायला नको.

मंत्री आणि उद्योगपती यांचा हा वाद बंद खोलीत राहिला नाही. वर्तमानपत्रांतून झाला, चांगला खणखणीत झाला. ज्या कंपनीने सेवा सुरू केली तिला ती काही महिन्यांतच थांबवावी लागली. त्याच वर्षी हिमालयन एव्हिएशन या दुसऱ्या कंपनीने ती परत चालू केली.

शेवटी १९५० मध्ये सरकारने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे नाव माहीत असतं, कारण पुढे देशाच्या पहिल्या प्रेस कमिशनचेही तेच अध्यक्ष. त्यांच्या समितीने स्पष्ट लिहिलं की परवाने फार वाटले गेले, एवढ्या कंपन्या जगू शकत नाहीत, त्या एकत्र करा. सरकारनेच नेमलेल्या समितीने सरकारलाच हे सांगितलं. १९५३ मध्ये तर सगळ्याच कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. टाटांना ते पटलं नव्हतं. तरी परदेशी उड्डाणांच्या एअर इंडिया इंटरनॅशनलचे अध्यक्ष म्हणून सरकारने त्यांनाच ठेवलं. सरकारशी जाहीर भांडलेला माणूस! आज असं होईल का, तुमचं तुम्ही ठरवा.

१२ डिसेंबर १९५३

आता जड भाग.

राष्ट्रीयीकरण होऊन चारच महिने झाले होते. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री, पहाट व्हायच्या आधी, इंडियन एअरलाइन्सचं एक डाकोटा नागपूरहून निघालं. या टपालाच्या विमानांत प्रवासीही बसायचे. उड्डाण होताच इंजिनात बिघाड झाला आणि विमान कोसळलं. १३ जण गेले. फक्त वैमानिक वाचला. मृतांत कामगार नेते आणि खासदार हरिहरनाथ शास्त्री होते.

खासदार गेले म्हणून बातमी मोठी झाली. पण मला या अपघातातली दुसरी एक गोष्ट जास्त टोचते. मेलेल्या एका प्रवाशाच्या विधवेने भरपाईसाठी दावा लावला. तो कलकत्ता उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चालला. विमान कंपनीने तिकिटावरची अट पुढे केली. बारीक अक्षरात छापलेलं होतं की कंपनीच्या किंवा तिच्या माणसांच्या निष्काळजीपणाने काही झालं तरी कंपनी जबाबदार नाही. शेवटी ती अट कायद्याने ग्राह्य ठरली. बाईंच्या हाती काही लागलं नाही. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला अजून शिकवला जातो.

परदेशी जाणाऱ्या प्रवाशाला आंतरराष्ट्रीय कराराचं संरक्षण होतं. देशातल्या देशात जाणाऱ्याला नव्हतं.  म्हणजे तेव्हा आपल्याकडचा प्रवासी जीव मुठीत आणि बारीक अक्षरातली अट खिशात घेऊन बसत होता.

मग किडवाई चूक आणि टाटा बरोबर, असा निकाल द्यायचा का? मला तसं वाटत नाही. एका इंजिनाच्या बिघाडावरून अख्खी योजना चूक होती असं म्हणता येत नाही, आणि ही सेवा पुढे १९७३ पर्यंत चालली. चोवीस वर्षं! या काळात नागपूरचं सोनेगाव रात्रभर जागं असायचं. दिवे, रेडिओ, हवामानाचा अंदाज, आगीचा बंब, थैल्या उचलणारे हमाल, सगळं मध्यरात्री कामाला. किडवाईंना नकाशा बरोबर दिसला होता. टाटांना जमीन बरोबर दिसली होती. एकाने ढकललं, दुसऱ्याने "दिवे कुठे आहेत?" म्हणून विचारलं. नुसते ढकलणारेच असते तर मला वाटतं अपघात वाढले असते. नुसते विचारणारेच असते तर पत्रं आगगाडीनेच गेली असती.

मामांना एकदा मी विचारलं होतं, तुम्ही ते विमान पाहिलं का हो कधी? म्हणाले, "नाई रे बाबू. बडनेऱ्याहून काय दिसते? पण गाडीले उशीर झाला का इकडं आमचा जीव वरखाली होये. इमान थोडीच थांबते आपल्यासाठी." त्यांच्या लेखी जाळं म्हणजे हेच. एका टोकाला बडनेऱ्याचा सॉर्टर, दुसऱ्या टोकाला मद्रासचा पोस्टमन, आणि मधल्या प्रत्येकाने आपलं काम वेळेवर करायचं.

आता आपल्याकडे या

आपल्या वऱ्हाडातल्या दोन धावपट्ट्या बघा. अकोल्याची शिवणीची आणि अमरावतीची बेलोऱ्याची.

शिवणीची धावपट्टी १९४३ ची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. नागपूरच्या रात्रीच्या टपालापेक्षाही जुनी. ज्या कृषी विद्यापीठाच्या जमिनीवरून तिचं विस्तारीकरण इतकी वर्षं अडून बसलं, ते विद्यापीठ १९६९ चं. म्हणजे धावपट्टी विद्यापीठापेक्षा सव्वीस वर्षांनी मोठी! तरी धावपट्टी आखूडच राहिली. प्रत्येक निवडणुकीत ती भाषणात लांब होते, जमिनीवर तेवढीच. अकोल्याचे माझे मित्र म्हणतात, "आमच्याकडं पुढाऱ्याचं विमान उतरते, आमचं नाई."

बेलोऱ्याची धावपट्टी वाढून १८५० मीटर झाली, परवाना मिळाला, उडान योजनेत मुंबईची फेरी सुरू झाली. आठवड्यातून तीन दिवस. शिवाय एअर इंडियाने इथं वैमानिक प्रशिक्षण संस्था जाहीर केली: ३४ विमानं आणि वर्षाला १८० वैमानिक. आकडे मोठे आहेत. मनापासून आनंद आहे.

पण उडान म्हणजे काय ते समजून घ्या. सरकार विमान कंपनीचा तोटा भरून देतं, साधारण तीन वर्षं. त्यानंतर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. आपल्याच राज्यात काय झालं? नांदेड-हैदराबाद मार्गाचा झेंडा २७ एप्रिल २०१७ ला थेट पंतप्रधानांनी दाखवला. तो मार्ग चालवणारी ट्रूजेट २०२२ मध्ये बंद पडली. डिसेंबर २०१७ मध्ये नाशिक आणि जळगावहून मुंबईला एअर डेक्कन सुरू झाली. २०२० मध्ये तीही मिटली. त्या गावांत पुढे दुसऱ्या कंपन्या आल्या, पण मधे धावपट्टी ओस, आणि सवय लागलेले प्रवासी परत रेल्वेच्या रांगेत. १९५० च्या समितीने जे कंपन्यांबद्दल लिहिलं तेच परत: परवाना देणं सोपं, जगवणं कठीण.

तीन वर्षांचा हिशेब केला तर आपली मुदत एप्रिल २०२८ च्या आसपास भरते. ती फार लांब नाही.

आणि सुरक्षिततेचं म्हणाल तर तो विषय निव्वळ वैमानिकाचा आणि इंजिनाचा नाही. तो तुमच्या-माझ्या कचऱ्याचासुद्धा आहे. विमान नियम, १९३७ मधला ९१ वा नियम सांगतो की विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरं कापायची नाहीत, आणि पक्षी-प्राणी गोळा होतील असा कचरा टाकायचा नाही. कारण घार एकटी असली तरी इंजिन बंद पाडू शकते. आता हे वर्तुळ आपल्या नकाशावर ओढा. बेलोऱ्याभोवती ओढलं तर अख्खं बडनेरा आत येतं. शिवणीभोवती ओढलं तर जवळजवळ सगळं अकोला शहर आत येतं. नगरसेवकाला विमानतळाशी आपला काय संबंध असं वाटत असेल तर हा संबंध.

म्हणून मला आपल्या पुढाऱ्यांना, सगळ्याच पक्षांच्या, काही साधे प्रश्न विचारायचे आहेत. माझ्या पत्रकार मित्रांनीही विचारावेत.

१. अंधार पडल्यावर आणि धुक्यात विमान सुखरूप उतरावं यासाठी बेलोऱ्याला आज काय काय बसवलंय आणि काय बाकी आहे? यादी आणि तारखेसह सांगा.

२. धावपट्टीभोवतीची भिंत पूर्ण आहे का? आपल्याकडे रोही रात्री शेतातून कसे पळतात ते प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. रोह्याला धावपट्टी आणि वावर यातला फरक कळत नाही.

३. एकाच धावपट्टीवर प्रवासी विमान आणि शिकाऊ वैमानिकांची विमानं उडतील, तेव्हा नियंत्रण कोणाकडे आणि किती माणसं?

४. १० किलोमीटरच्या आतला कचरा आणि मांसाचा टाकाऊ भाग कुठं जातो, हे महापालिकेने शेवटचं कधी तपासलं?

५. २०२८ नंतर फेरी टिकावी म्हणून पुढचं जाळं काय? नुसती मुंबई, की पुणे आणि दिल्लीही? संत्रा आणि भाजीपाल्याच्या व्यापाऱ्यांशी कोणी बोललंय का?

६. अकोल्याच्या धावपट्टीचं काय? हो किंवा नाही, एकदाचं सांगून टाका. १९४३ पासून लोक थांबलेत.

हे प्रश्न विचारले की एक ठरलेलं उत्तर येतं: "तुम्हाले चांगलं झालेलं पाहवत नाई." मलाही आलंय. बेलोऱ्याच्या कार्यक्रमानंतर मी एका ओळखीच्या कार्यकर्त्याला पहिलाच प्रश्न विचारला, तर तो म्हणाला, "भाऊ, आज नको ना. आज आनंदाचा दिवस हाय." मी गप्प बसलो. खरं सांगतो, बातमीतही तो प्रश्न लिहिला नाही. तेच सलतंय म्हणून ही पोस्ट.

कारण १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान उड्डाणानंतर काही सेकंदांत कोसळलं आणि विमानातले व जमिनीवरचे मिळून २६० जीव गेले. त्या संध्याकाळी टीव्हीसमोर बसून अख्ख्या देशाने इंजिन, फ्लॅप, ब्लॅक बॉक्स हे शब्द शिकले. एक आठवडा सगळेच तज्ज्ञ होते. मग विसरलो. प्रश्न विचारायची वेळ ही अपघाताच्या नंतरची नसते, टाळ्यांच्या दिवशीची असते. टाटांनी तो प्रश्न सेवा सुरू होत असतानाच विचारला होता, तेही देशाच्या मंत्र्याला, स्वतःचा धंदा सरकारी परवान्यावर अवलंबून असताना. मी तर साधा तालुक्याच्या गावचा बातमीदार. माझ्याकडं गमवायला काय आहे?

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या ट्रंकेत टपालाच्या थैलीला लावायच्या लाखेचा एक तुकडा निघाला होता, तो मामींनी अजून ठेवलाय. निवृत्तीनंतरही ते रात्री दीडच्या सुमारास उठायचे. पाणी प्यायचे, अंगणात उभे राहायचे, परत झोपायचे. मामी म्हणायच्या, "आता कोणतं इमान येऊन रायलं तुमचं?" ते हसायचे, उत्तर द्यायचे नाहीत.

तुमच्यापैकी कोणाच्या घरात आर.एम.एस.चे, पोस्टाचे किंवा सोनेगाव विमानतळावरचे जुने लोक असतील, तर त्यांच्या आठवणी लिहून पाठवा. बडनेऱ्याहून, अकोल्याहून, मूर्तिजापूरहून, कुठूनही. आणि वरच्या सहा प्रश्नांपैकी एखाद्याचं उत्तर कोणाकडे कागदासकट असेल तर तेही पाठवा. चांगलं उत्तर असेल तर याच ठिकाणी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात टाकीन. शब्द देतो.